सोळाव्या अर्हताचा कान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या संग्रहालयाचेच संचालक, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो ते आपल्या मूर्तिशाळेचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, मातीकाम, साचेकाम आणि ओतकाम या तिन्ही विभागांतले माझे सहकारी, दालनांवरचे पहारेकरी, कार्यालयातली मंडळी, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून दाराजवळ बसलेले रसिकजन,

मला शेवटी बोलायला ठेवलं आहे. कालपर्यंत मी तिसरी होते. आज सकाळी एकदम शेवटी गेले. विचारलं तर संचालक म्हणाले, "बाई, तुमचं भाषण रंगतं, म्हणून शेवटी." मी पुष्कळ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं आहे. त्यांनी माझं असं अचानक कौतुक केलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळतं. शेवटच्या वक्त्याला घड्याळ दाखवून खाली बसवता येतं, हे मलाही ठाऊक आहे, साहेब. असो. माईक हातात आला आहे तोवर बोलून घेते.

पाहुण्यांना माझी ओळख करून दिली गेली नाही, ती मीच देते. मी इथली पाट्यावाली बाई. प्रत्येक मूर्तीखाली जी पितळी पाटी असते, तिच्यावरचा मजकूर मी लिहिते. मूर्ती कुणाची, तिची कथा काय, हातात धरलंय ते काय. आणि मूर्ती दालनात जाण्यापूर्वी ती डोळ्यांखालून घालायची, कुठे चीर, कुठे खोट, कुठे काही राहून गेलं असेल तर सांगायचं, हेही माझंच काम. थोडक्यात, मला पगार मिळतो तो संशय घेण्याचा. माझ्या पाठीमागे मला इथे शंकासुर म्हणतात. म्हणजे पाठीमागे म्हणतो असा त्या लोकांचा समज आहे. ओतारी, तुम्ही हसू नका, सुरुवात तुमच्यापासून झाली होती.

मास्तरांबद्दल आधीचे वक्ते पुष्कळ बोलले. त्यांचा हात, त्यांची नजर, त्यांचा संयम. सगळं खरं आहे. त्यात मी भर घालणार नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल, वरच्या मजल्यावर गेल्याच महिन्यात उघडलेल्या अर्हतांच्या दालनाबद्दल.

आता पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, अर्हत म्हणजे नेमकं कोण? बुद्धाचे जे शिष्य पार मोकळे झाले, ज्यांचा लोभ गेला, राग गेला, भ्रम गेला, ज्यांना पुन्हा जन्माला येणं उरलं नाही, ते अर्हत. असे शिष्य पुष्कळ झाले. पण एक परंपरा अशी सांगते की त्यांतल्या सोळा जणांना बुद्धाने थांबवून घेतलं. तुम्ही सुटलात हे खरं, पण तुम्ही इतक्यात जायचं नाही, माणसांत राहायचं, असं सांगितलं. मला ही गोष्ट पहिल्यापासून विचित्र वाटत आली आहे. ज्याला जायची मुभा आहे त्याने राहायचं. आमच्या घरी याच्या उलट घडलं, पण त्याकडे येते.

बुद्धाची मूर्ती घडवायची तर नियम असतात. डोळे कसे, केस कसे, बोटं किती लांब. अर्हतांचं तसं नाही. ती माणसं होती. म्हणून जुन्या कारागिरांनी त्यांना माणसांचे चेहरे दिले. सुरकुतलेले, टकले, दात पडलेले, खो-खो हसणारे, कुणावर तरी वैतागलेले. एकाच्या भुवया इतक्या लांब की त्याला त्या हाताने सावराव्या लागतात. एक जण आपली छाती दोन्ही हातांनी उघडून आत बसलेला बुद्ध दाखवतो. आणि एक जण चक्क कान कोरत बसलेला असतो. त्यातही अर्थ आहे, ऐकणं स्वच्छ हवं असा. बुद्धापुढे हात जोडावेत आणि अर्हतांपुढे ओळखीचं हसावं, असं मला त्या दालनात वाटतं.

आणि इथे मास्तरांचा हट्ट येतो. मूर्तिशाळेतल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. समोर माणूस बसल्याशिवाय मास्तर चेहरा करत नाहीत. फोटोवरून नाही, आठवणीतून नाही, कल्पनेतून तर मुळीच नाही. एकदा एका देणगीदारांनी आपल्या दिवंगत आजोबांचा फोटो आणून दिला होता. मास्तरांनी तो आदराने परत केला आणि म्हणाले, "हा फोटो माझ्याकडे बघतोय, पण मी बघतोय हे त्याला कळत नाही. असं मला जमत नाही." संचालकांनी त्या दिवशी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

त्यामुळे वरच्या दालनात जे बसले आहेत ते सगळे आपल्या ओळखीचे आहेत. लांब भुवयांचे अर्हत म्हणजे आपले जुने फाटकावरचे पहारेकरी. छाती उघडून दाखवणारे म्हणजे माझ्या दातांचे डॉक्टर, ज्यांनी आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हटलं, त्यांना मास्तरांनी स्वतःलाच उघडायला लावलं. गुहेत ध्यानाला बसलेले म्हणजे आपल्या कार्यालयातले मोठे लेखनिक. त्यांना फारसं काही शिकवावं लागलं नाही, ते रोज दुपारी तसेच बसतात. आणि कान कोरणारे अर्हत म्हणजे आजच्या समारंभाचे अध्यक्ष. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

एकेक माणूस मागच्या खोलीत जाऊन बसायचा, बाहेर आला की आम्ही त्याची थट्टा करायचो. दार सताड उघडं असायचं. कुणीही यावं, मातीतून नाक कसं वर येतं ते बघावं, दोन शब्द सुनावावेत. पंधरा अर्हत असे सगळ्यांदेखत झाले.

सोळाव्याच्या वेळी दाराला आतून कडी लागली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. मी विचारलं, "मास्तर, कोण बसलंय?" ते म्हणाले, "आहे एक, बाहेरचा." बाहेरचा म्हणजे कुठला? "असाच." मी साचेवाल्यांना विचारलं, त्यांना माहीत नाही. मातीकामातल्या बायकांना विचारलं, त्या म्हणाल्या, मागच्या जिन्याने कुणीतरी येतं, मागच्या जिन्याने जातं, डोक्याला कापड गुंडाळलेलं असतं. बाहेरच्या माणसाला मूर्तिशाळेत यायला संचालकांची परवानगी लागते, म्हणून मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या पाटीच्या मजकुराचं काय झालं?" मी विचारलं एक, उत्तर आलं भलतंच. ताकास तूर लागू द्यायची नाही असं या दोघांचं ठरलं होतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. आता माझ्याकडे बघायचं टाळून तुम्ही पाण्याच्या पेल्याकडे बघता आहात, साहेब, तेही माझ्या लक्षात येतं आहे.

मूर्ती ओतून, घासून तयार झाली आणि माझ्यासमोर आली. सोळावा अर्हत म्हणजे चुल्लपंथक. त्याची कथा पुढे सांगते. मांडी घालून बसलेला, हातात एक फडकं, मान किंचित कलती, वयाने साठीच्या आसपास. मी नेहमीप्रमाणे स्टूल घेऊन समोर बसले आणि वरपासून खाली बघत आले. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खाच होती, नखाएवढी.

मला वाटलं, ओतकामात राहून गेलं. धातू कडेपर्यंत पोचला नाही की असं होतं. मी खडूने खूण केली आणि ओतारींना बोलावलं. ते आले, त्यांनी कानावरून बोट फिरवलं आणि त्यांचा पारा चढला. म्हणाले, "बाई, माझ्या हातून असं कधी गेलंय का? ही खाच मातीतच होती. मातीत होती तशी मी ओतली. मास्तरांना विचारा." मी मास्तरांना विचारलं.

आता इथे ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं आहे त्यांना एक गोष्ट माहीत आहे. मास्तरांना चूक दाखवली की ते कधीही वाद घालत नाहीत. मी त्यांना आजवर किती चुका दाखवल्या असतील! त्यांतल्या निम्म्या तर माझ्याच डोळ्यांच्या होत्या. तरीही ते 'बरं' म्हणून कानस उचलायचे. त्या दिवशी मी म्हटलं, "कानाची कड भरून घ्या, उद्या दालनात जाईल." मास्तर म्हणाले, "नाही. तो कान तसाच आहे. राहू दे."

मी म्हटलं, "अर्हतांचे कान लांब आणि अखंड असतात. बाकीच्या पंधरांचे आहेत."

ते म्हणाले, "याचा नाही."

आणि खडूची खूण आपल्या अंगठ्याने पुसून ते निघून गेले.

मी खाली बसले. आणि मग पहिल्यांदा मी कान सोडून चेहरा पाहिला.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते इथे फार थोड्यांना माहीत आहे. मला एक भाऊ होता. 'होता' म्हणायची आमच्या घरी सवय पडली आहे, म्हणून तसं म्हणते. मला तो मोठा, मी त्याला दादा म्हणायची. लहानपणी माझा चेंडू तारेच्या कुंपणापलीकडे गेला होता. तो आणायला दादा तारेखालून सरपटत गेला आणि येताना तार कानात अडकली. रक्ताने शर्ट माखला होता आणि हा चेंडू हातात धरून हसत होता. तेव्हापासून त्याच्या डाव्या कानाला वरच्या कडेला खाच. ऐन विशीत तो घर सोडून गेला. त्याचं पत्र आलं नाही, फोन आला नाही. कुणी म्हणे जहाजावर गेला, कुणी म्हणे आजारात गेला. आई मात्र 'गेला' हा शब्द एकाच अर्थाने वापरते, घरातून निघून गेला, एवढ्याच.

तुम्ही म्हणाल, बाई, आपलं माणूस हरवलं की त्याचा चेहरा सगळीकडे दिसतो. मान्य. मीही आधी स्वतःवरच संशय घेतला. मी बस-थांब्यांवर अनोळखी माणसांच्या मागे गेलेली बाई आहे. एका गृहस्थांनी तर मला पोलिसात देण्याची धमकी दिली होती. तेव्हा चेहऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, असं ठरवलं.

मग वाटलं, मास्तरांनी माझ्या टेबलावरचा फोटो पाहिला असेल. दादाचा एकच फोटो माझ्याकडे आहे, टेबलाच्या काचेखाली असतो. त्यावरून त्यांनी मनानेच म्हातारा दादा घडवला असेल, मला बरं वाटावं म्हणून. माणूस मायाळू आहे. पण एक तर फोटोवरून काम करायचं नाही हा त्यांचा हट्ट. आणि दुसरं म्हणजे तो फोटो उजव्या बाजूने काढलेला आहे. डावा कान त्यात दिसतच नाही. त्या खाचेबद्दल मी या इमारतीत कुणाशीही बोललेली नाही. आईही बोलत नाही. मग ती खाच मातीत आली कुठून?

मास्तर, तुम्ही खाली बघता आहात. बघा. मी थांबणार नाही.

मला आणखी एक गोष्ट आठवली. मागची खोली कडी लावून बंद असायची त्याच दिवसांत एकदा मास्तर दुपारी माझ्या टेबलाशी आले. हात मातीने भरलेले. त्यांनी आजवर माझ्या घरची चौकशी कधी केली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमचे वडील आहेत का हो?" मी म्हटलं, "गेले." ते म्हणाले, "कधी?" मी सांगितलं. ते नखांतली माती काढू लागले. मग म्हणाले, "आणि आई?" मी म्हटलं, "आहे. गुडघ्यांनी बसवलंय, पण आहे." ते 'बरं' म्हणाले, खोलीत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तेव्हा मला वाटलं होतं, वय होत चाललं, माणूस हळवा झाला. आता मला असं वाटतं की ते प्रश्न त्यांचे नव्हतेच. त्यांना कुणीतरी ते विचारायला पाठवलं होतं, आणि माझी उत्तरं घेऊन ते आत गेले. ज्याच्या फोटोवरून रोज सकाळी मी फडकं फिरवते तो माणूस त्या दुपारी दाराच्या पलीकडे स्टुलावर बसला होता. माझ्या टेबलावरून ते दार दिसतं. दाराला वरच्या बाजूला काच आहे, माझ्या उंचीला न पोचणारी. तो उठून उभा राहिला असता तर त्याला माझं डोकं दिसलं असतं. कदाचित तो उभा राहिलाही असेल.

आणि तरीही तो मागच्या जिन्याने निघून गेला. याचा मला राग आला आहे. निरोप समारंभात असं बोलू नये, पण आला आहे. मी कितीतरी दिवस धड जेवले नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'वेळ.' एवढंच लिहिलं आहे. साहेब, आपण तीनदा चहाच्या वेळा बदलल्या आहेत, आज चौथ्यांदा बदलूया. उद्या सकाळी मास्तर आणि वहिनी मुलीकडे राहायला जाताहेत, पार दूर. पत्ता मी मागितला तर मास्तर म्हणाले, तिथे गेल्यावर कळवतो. मला आज विचारता आलं नाही तर मग कधी विचारणार? आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. माझा संशय खोटा ठरला तर त्या बाईला एकच मुलगा दुसऱ्यांदा गमवावा लागेल. ती जोखीम मी घेणार नाही. म्हणून मला नक्की कळायला हवं आहे, आणि ज्यांना नक्की माहीत आहे ते तोंडात मिठाची गुळणी धरून माझ्या डाव्या हाताला बसले आहेत.

आता चुल्लपंथकाची गोष्ट. ती पाटीवर आहे, पण पाट्या कोण वाचतं? दोन भाऊ भिक्षू झाले. थोरला महापंथक, हुशार, शिस्तीचा. धाकटा चुल्लपंथक, बुद्धीने मंद. त्याला एक श्लोक पाठ करायला दिला. महिने गेले, पाठ होईना. पुढची ओळ आली की मागची जाई. थोरल्या भावाने त्याला सांगितलं, तुझा इथे उपयोग नाही, चालता हो. सख्ख्या भावाने सांगितलं. धाकटा पहाटे निघाला तर फाटकापाशी बुद्ध उभा. त्याने त्याला एक पांढरं फडकं दिलं आणि सांगितलं, हे हाताने चोळत बस, आणि 'मळ जावो, मळ जावो' म्हण. चोळता चोळता फडकं मळलं आणि त्याला जे कळायचं ते कळलं. तो अर्हत झाला. आपल्या मूर्तीच्या हातात ते फडकं आहे.

पण मला हलवलं ते पुढच्या भागाने. त्याच दिवशी बुद्धाला आणि सगळ्या भिक्षूंना कुणाकडे तरी जेवायला बोलावलं होतं. थोरल्याने धाकट्याचं नाव सांगितलंच नव्हतं. वाढणारा वाढायला आला तर बुद्धाने पात्रावर हात ठेवला. म्हणाला, विहारात कुणी राहिलं नाही ना? थोरला म्हणाला, कुणी नाही.

हे मी लिहीत होते आणि माझा हात थांबला. आमचे वडील तपासनीस होते. लोकांना प्रश्न विचारण्यात त्यांची हयात गेली आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, इतका वेळ कशाला लागला. मी सगळी उत्तरं देत असे. मीही त्यांच्याच वळणावर गेले आहे हे आपण आता अनुभवता आहातच. दादा उत्तरं देत नसे. एका संध्याकाळी तो उशिरा आला. वडिलांनी विचारलं, "कुठे होतास?" तो म्हणाला, "सांगणार नाही." वडील म्हणाले, "मग जिथे होतास तिथेच राहा." दादाने चपला काढल्या नव्हत्या. तो तसाच वळला. आईच्या हातात त्याचं वाढलेलं ताट होतं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, चक्कर मारून येईल.

त्यानंतर कुणी वडिलांना विचारलं, मुलं किती, की ते म्हणायचे, एकच मुलगी. म्हणजे थोरल्या भावाने दिलं तेच उत्तर. कुणी नाही. आणि मी शेजारी उभी असायची.

बुद्धाने काय केलं? त्याने हात काढला नाही. माणूस पाठवला. माणूस जाऊन बघतो तर विहाराच्या आमराईभर भिक्षू, सगळे एकसारखे, कारण चुल्लपंथकाने आपलीच हजार रूपं केली होती. माणूस परत आला. बुद्ध म्हणाला, जा, चुल्लपंथकाला हाक मार. हाक मारली तर सगळेच म्हणाले, मीच चुल्लपंथक. तेव्हा बुद्धाने सांगितलं, जो आधी बोलेल त्याचा हात धर. त्याने हात धरला, बाकीचे सगळे नाहीसे झाले, आणि तो जेवायला आला.

मी बस-थांब्यांवर अशाच हजार जणांच्या मागे गेले. मला हात धरायला एक जण हवा आहे.

मास्तर, तुम्ही कुणाला तरी शब्द दिला आहे, हे मला कळून चुकलं आहे. तुम्ही शब्द मोडणाऱ्यांतले नाही. कानाची कड भरली असती तर कुणालाही पत्ता लागला नसता. माझा दादा तुमच्या मातीत कायमचा लपून राहिला असता. पण समोर बसलेल्या माणसाचा कान जसा आहे तसा न करणं तुम्हाला जमलं नाही. की ते त्यानेच सांगितलं होतं? त्याला माहीत होतं ना, की प्रत्येक मूर्ती शेवटी माझ्यासमोर येते आणि मी खोट शोधत बसते? हा संशय मला आज सकाळी आला. आजवर घेतलेल्या सगळ्या संशयांत हा एकच असा आहे, जो खरा ठरावा असं मला मनापासून वाटतं.

मी तुम्हाला पत्ता विचारत नाही. तो काय करतो, कुणाबरोबर राहतो, विचारत नाही. एवढंच विचारते. तो आहे ना?

...

बरं. बोलू नका. उठू नका, मास्तर, बसा. चष्मा पुसा सावकाश. कुणीतरी त्यांना पाणी द्या.

वहिनी?

मंडळी, मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगते. वहिनींनी मान हलवली. होय म्हणून हलवली. दोनदा. शब्द मास्तरांनी दिला होता, वहिनींनी दिलेला नव्हता. मास्तर, तुमच्या शब्दाला बट्टा लागलेला नाही. घरी जाऊन वहिनींना बोल लावू नका, मी इतकी वर्षं कुणाच्या संसारात ढवळाढवळ केलेली नाही आणि आज ती माझ्या नावावर नको.

साहेब, तो तुमचा पाण्याचा पेला जरा इकडे द्या.

तर आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी चिठ्ठी पाठवली पण माईक बंद केला नाही. मागच्या जिन्याची परवानगी त्यांनीच दिली असणार, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार, ते त्यांनी गुपचूप घ्यावेत. प्रमुख पाहुण्यांचे आभार, ते एका शिल्पकाराच्या निरोपाला आले आणि त्यांना दुसऱ्याच घराची कहाणी ऐकावी लागली. ओतारींचे आभार, त्यांनी ती खाच जशी होती तशी ओतली. मास्तर, तुमच्याबद्दल एकही धड स्तुतीचं वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. कुणी विचारलं तर सांगा, पाट्यावाल्या बाईने माझ्या कामात शेवटी खोट काढलीच नाही. निरोपाच्या दिवशी मी तुमची उलटतपासणी घेतली, भर सभेत तुम्हाला रडवलं, लोकांचा चहा थंड केला. लहानमोठ्या सगळ्यांनीच हे उदार मनाने पोटात घालावं, अशी हात जोडून विनंती आहे.

आणि वहिनी, जाताना एक काम तुमच्यावर सोपवते. तो भेटला की त्याला म्हणावं, आईला मी काही सांगितलेलं नाही, ते त्यानेच येऊन सांगायचं आहे. पुढच्या दाराने यायचं. सकाळी ये, दुपारी ये, उशिरा ये. ताट वाढू. कुठे होतास, हे मी विचारणार नाही.